आजोबांच्या डोक्यावर घिरट्या घालणारं ते छोटं विमान कुणाचं? (इम्फाळ, १९४४)

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं.

माझे आजोबा (आईचे वडील) सातारा जिल्ह्यातले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, ५ मराठाच्या चौथ्या बटालियनमध्ये. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर जी पलटण लढली, ती हीच. तिथून जिवंत सुटले आणि पुढचा पावसाळा इम्फाळच्या आसपास काढला. सांगशाकबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. आम्ही मुलांनी विचारलं तर उठून गोठ्यात जायचे. पण इम्फाळची एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचे.

"वर एक घार यायची. इवलंसं विमान, वरून पंख, खाली चाकं लोंबतायत. ना बंदूक ना बाँब. पण ती घार वर हाय तवर जपानी तोफ तोंड उघडायची न्हाई. घार गेली की परत सुरू."

लहानपणी हे परीकथेसारखं वाटायचं. आता प्रश्न पडतो की ज्याच्याकडे एक गोळीसुद्धा नाही अशा विमानाला तोफा का भ्याव्यात? ते विमान कुणाचं, चालवायचं कोण? जाणकारांनी सांगावं. आजोबा जाऊन सतरा वर्षं झाली. आई मात्र आहे, तिला वाचून दाखवायचं आहे.

---

रानवाट

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. आजोबांचं वाक्य वाचून काटा आला.

---

निवृत्त_गोलंदाज

ताई, तुमच्या आजोबांची घार म्हणजे ऑस्टर, तोफखान्यासाठी टेहळणी करणारं हलकं विमान. मी चोवीस वर्षं तोफखान्यात होतो, त्यातली काही देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तोफा का गप्प बसायच्या ते आधी सांगतो. तोफ डागली की दिवसा धूर आणि धूळ उठते, संध्याकाळी ज्वाळ दिसते. जमिनीवरून ती दिसत नाही, कारण तोफ टेकडीच्या मागे किंवा झाडीत असते. वर बसलेल्या माणसाला मात्र दिसते. तो नकाशावर जागा शोधतो, वायरलेसवर सहा आकडे सांगतो आणि थोड्याच वेळात त्या जागेवर आपल्या २५ पौंडी तोफांचे गोळे पडायला लागतात. एका फील्ड बॅटरीत आठ तोफा, रेजिमेंटमध्ये चोवीस. म्हणजे वरच्या माणसाच्या हातात बंदूक नसली तरी चोवीस तोफांची दोरी त्याच्या हातात असायची. जपानी गोलंदाजाला हे पक्कं ठाऊक होतं. घार वर असताना तोफ डागणं म्हणजे स्वतःचा पत्ता स्वतःच सांगणं.

या कामाला एअर ऑब्झर्वेशन पोस्ट म्हणतात, आमच्या बोलीत एअर ओपी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अशी एकच स्क्वाड्रन होती, ६५६. स्थापना ३१ डिसेंबर १९४२ ला इंग्लंडमध्ये, १९४३ च्या उत्तरार्धात भारतात आली आणि युद्ध संपेपर्यंत जनरल स्लिमच्या चौदाव्या सैन्याबरोबर राहिली. कमांडर मेजर डेनिस कॉइल. तीन फ्लाइट, म्हणजे उपतुकड्या. १९४४ च्या सुरुवातीला एक ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे आराकानात, एक इम्फाळच्या बाजूला.

---

पंख_आणि_पाते

गोलंदाज साहेबांना नमस्कार, पण इतक्या लवकर निकाल देऊ नका. मी हवाई दलातला माणूस, म्हणून आमची बाजू मांडतो.

इम्फाळच्या वेढ्यात आपल्या भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन तिथेच होती, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली. हरिकेन विमानं. जपान्यांच्या हालचाली टिपणं, रस्ते आणि पूल पाहून येणं, फोटो काढणं, ही त्यांची रोजची कामं. अर्जन सिंगांना तिथेच माउंटबॅटननी डीएफसी हे शौर्यपदक दिलं. इम्फाळच्या आकाशाची गोष्ट सांगताना आपल्याच पोरांना विसरून कसं चालेल?

---

कृष्णाकाठची_लेक

पंख काका, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण आजोबा सांगायचे की विमान इतकं हळू जायचं की पायलटचा हात दिसायचा. एकदा त्यांनी पागोटं हलवलं तर त्यानेही हात हलवला म्हणे. हरिकेन इतकं हळू जायचं का?

---

पंख_आणि_पाते

नाही बेटा. हरिकेन तासाला तीनशे मैलांच्या वर जायचं, आणि त्याचे पंख खालून असतात. तुझ्या आजोबांनी पंख वरून सांगितलेत. शिपाई माणूस डोक्यावरचं विमान कधी चुकत नाही, जीव त्यावर असतो. हात हलवला असेल तर ते हरिकेन नव्हे. मी माझं म्हणणं मागे घेतो, पण अर्जन सिंगांबद्दलचं नाही.

---

टेकडीवरून

एक शंका. वरून पंख, हळू चाल, लोंबती चाकं, हे वर्णन अमेरिकन एल-५ लाही लागू पडतं. ब्रह्मदेशात एल-५ जखमींना उचलायला वापरली होती. शेतातल्या बांधावरसुद्धा उतरायची.

---

निवृत्त_गोलंदाज

@टेकडीवरून, शंका रास्त आहे. ओळखायची खूण आजोबांच्या गोष्टीतच आहे. एल-५ चं मुख्य काम जखमी नेणं, निरोप पोचवणं. ते खाली उतरतं, माणूस उचलतं, निघून जातं. ताईंच्या आजोबांची घार तिथेच घिरट्या घालते आणि तिच्यामुळे तोफा गप्प होतात. हे एअर ओपीचं लक्षण.

आता ते काम कसं चालायचं ते सविस्तर लिहितो. विमानं पडली की सिनेमे निघतात, या कामावर कुणी चार ओळी लिहीत नाही.

पायलट आपल्याच रेषेच्या मागे, झाडांच्या शेंड्यांजवळून उडायचा. शत्रूवर जायचं नाही, हा पहिला नियम. लक्ष्य सापडलं की बॅटरीला वायरलेसवर हुकूम. तोफ सुटली की खालून शब्द येतो, 'शॉट'. गोळा हवेत असतानाचे काही सेकंद ऑस्टर वर चढायची, पाच-सहाशे फुटांपर्यंत, गोळा कुठे पडला ते पाहायची आणि लगेच खाली झाडांच्या आडोशाला. वर राहिलात तर लढाऊ विमान टिपणार.

समजा पहिला गोळा अलीकडे आणि थोडा उजवीकडे पडला. वरून शब्द जातो, 'लेफ्ट १००, ॲड ४००', म्हणजे शंभर डावीकडे, चारशे पुढे. दुसरा पलीकडे पडला. आता लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलं, याला ब्रॅकेट म्हणतात. मग 'ड्रॉप २००', मग शंभर, असं निम्मं निम्मं करत आणायचं. जमलं की सगळ्या बॅटरीला 'फायर फॉर इफेक्ट', म्हणजे आता खरा मारा. (तेव्हा हे सगळं यार्डात होतं.)

जंगलात आणखी एक अडचण. ब्रह्मदेशातल्या दाट झाडीत गोळा फुटला तरी वरून दिसायचा नाही. म्हणून आधी धुराचा गोळा टाकायचा, पांढरा धूर शेंड्यांमधून वर आला की तिथून मोजायचं. जमिनीवरच्या ओपीला, म्हणजे निरीक्षकाला, त्या बांबूच्या बेटांत वीस पावलांपलीकडचं दिसत नसे. म्हणून तिथे ऑस्टरची किंमत युरोपपेक्षाही जास्त.

विमानाचं म्हणाल तर १३० अश्वशक्तीचं इंजिन, लाकूड-नळ्या-कापडाचा देह, चिलखत नाही, हत्यार नाही. एका चांगल्या ट्रॅक्टरची ताकद.

---

सायंतारा

"चोवीस तोफांची दोरी त्याच्या हातात" हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

---

गणिताचा_मास्तर

निम्मं निम्मं करत नेणं म्हणजे आम्ही वर्गात शिकवतो ती द्विभाजन पद्धत! उद्या नववीच्या पोरांना हेच उदाहरण देणार. ४०० वरून २०० वर, १०० वर, ५० वर, आणि गणित कुणाच्या जिवावर आलंय ते सांगितलं की मागच्या बाकावरचेही ऐकतात.

---

मुळशीकर

मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला. चालवायचं कोण? हवाई दलाचा पायलट की तोफखान्याचा माणूस?

---

निवृत्त_गोलंदाज

तोफखान्याचा. हाच या सगळ्याचा गाभा.

स्क्वाड्रन कागदोपत्री रॉयल एअर फोर्सची. विमानं त्यांची, विमानाची देखभाल करणारे फिटर आणि रिगर त्यांचे. पण पायलट मात्र तोफखान्याचे अधिकारी, बहुतेक कॅप्टन. ड्रायव्हर आणि सिग्नलवाले पण तोफखान्याचे. एकाच तंबूत दोन रंगांचे गणवेश.

यामागे एका माणसाचा हट्ट होता, कॅप्टन चार्ल्स बेझली. स्वतः गोलंदाज, हौसेने विमान चालवायला शिकलेला. त्याचं म्हणणं साधं होतं. पायलटला तोफखाना शिकवायला वर्षं लागतात, तोफखानेवाल्याला हलकं विमान चालवायला थोडे महिने पुरतात. १ फेब्रुवारी १९४० ला इंग्लंडात ओल्ड सरमला डी फ्लाइट नावाची छोटी तुकडी त्यासाठी उभी केली. ती चाचण्यांसाठी फ्रान्सला गेली, पण मे महिन्यात जर्मन चालून आले आणि ती परत आली. पुढे १ ऑगस्ट १९४१ ला तिच्यातूनच ६५१ स्क्वाड्रन झाली, पहिली एअर ओपी. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती अल्जीरियात उतरली आणि बेझलीचं म्हणणं खरं ठरलं. मग एकामागून एक, ६५१ ते ६६६. त्यात ६६३ पोलिश लोकांची, ६६४ ते ६६६ कॅनडाच्या.

---

पंख_आणि_पाते

इथे मात्र मी भांडणार. तुम्ही लिहिलंत ते खरं, पण त्यातून असं वाटतं की हवाई दलाला हे काम जमत नव्हतं. आमच्याकडे लायसँडर होती, सैन्याला मदत करायलाच बनवलेली. १९४१ मध्ये १ नंबर स्क्वाड्रनला जी लायसँडर मिळाली ती मुंबईच्या युद्धनिधीतून, म्हणजे आपल्या लोकांच्या पैशांतून. १९४२ च्या फेब्रुवारीत स्क्वाड्रनचे कमांडर मजुमदार यांनी तीच विमानं ब्रह्मदेशात नेली, पंखांखाली अडीचशे पौंडी बाँब बांधून जपान्यांच्या विमानतळांवर टाकले. टेहळणीच्या विमानाने बाँब टाकले, याहून काय हवं?

---

निवृत्त_गोलंदाज

काका, मजुमदारांना माझाही सलाम. त्यांच्या धाडसाबद्दल वाद नाही. पण फ्रान्समध्ये १९४० साली लायसँडरचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मोठं, जड विमान, शत्रूच्या लढाऊ विमानांपुढे टिकलं नाही. ऑस्टर टिकली ती लहान आणि हळू होती म्हणून. झाडांच्या उंचीवर इतकी घट्ट वळते की वेगाचं लढाऊ विमान तिच्यामागे वळूच शकत नाही, पुढे निघून जातं. शिवाय ती तोफांच्या शेजारच्या शेतात राहायची. सकाळी बॅटरी कमांडरबरोबर चहा, मग उड्डाण. कुठल्या बॅटरीकडे किती दारूगोळा उरलाय हे पायलटला माहीत असायचं. दूरच्या विमानतळावरून आलेल्या माणसाला ते कसं कळणार? माणसं चांगलीच होती, काका. राहायची जागा चुकीची होती.

---

पंख_आणि_पाते

चहाचा मुद्दा मान्य.

---

देवळाली_कॅम्प

देवळालीचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर. मी तिथेच वाढले. लहानपणी गोळाबारीने खिडक्या थरथरायच्या, आजी म्हणायची "फायरिंग सुरू झालं, दूध उतू जाईल, लक्ष ठेव". तोफखान्याची शाळा आधी काकूलला होती (आता पाकिस्तानात), दुसऱ्या महायुद्धात देवळालीला आली.

आणि आणखी एक. इंग्रजीत वेड्या माणसाला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीचा! मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट पाहत इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने भ्रमिष्ट व्हायचे. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. यातला टॅप म्हणजे ताप.

---

मुळशीकर

म्हणजे देवळालीने इंग्रजीला वेड दिलं आणि आपल्याला तोफखाना. छान वाटणी.

---

अर्धवट_इतिहासकार

थोडं मागे जाऊया. वरून पाहून तोफांना सांगणं पहिल्या महायुद्धातच सुरू झालं. तेव्हा विमानातून बोलता येत नसे, मोर्स पाठवायचे. १९१५ मध्ये घड्याळाची युक्ती निघाली. लक्ष्य मध्यभागी, उत्तर म्हणजे बारा वाजले. भोवती वर्तुळं, प्रत्येकाला एक अक्षर, दहा यार्डांपासून पुढे वाढत जाणारी. पायलट फक्त एक अक्षर आणि एक आकडा पाठवायचा. 'सी ४' आलं की गोलंदाजाला कळायचं, दोनशे यार्ड, चार वाजण्याच्या दिशेला.

त्याच युद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होते. तेही असंच काम करायचे.

---

टेकडीवरून

वेलिणकरांबद्दल दुरुस्ती. ते २३ स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन चालवत, ती लढाऊ विमानं. १९१८ च्या जूनमध्ये पाडले गेले, जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडले आणि तिथेच वारले. टेहळणीशी त्यांचा संबंध नाही. पण नाव घेतलंत ते बरं झालं, आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

---

अर्धवट_इतिहासकार

दुरुस्ती मान्य, आभार. घाईत लिहून गेलो.

---

नाशिकरोडचा_पप्पू

आमच्या गांधीनगरवरून रोज हेलिकॉप्टरं जातात. त्याचा याच्याशी संबंध आहे का? कुणीतरी म्हणालं होतं की ६५९ स्क्वाड्रन ब्रह्मदेशात लढली आणि ती इकडे आली.

---

निवृत्त_गोलंदाज

पप्पूशेठ, संबंध थेट आहे, पण ६५९ ब्रह्मदेशात नव्हती. ती एप्रिल १९४३ मध्ये इंग्लंडात उभी राहिली, नॉर्मंडीपासून पुढे युरोपात लढली आणि युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये भारतात आली. वायव्य सरहद्दीवर काम केलं. १४ ऑगस्ट १९४७ ला लाहोरला मोडली आणि तिचं सामान दोन देशांत वाटलं गेलं. एका रात्रीत. कालपर्यंत एका तंबूत झोपणारे फिटर वेगवेगळ्या देशांचे झाले. आपल्या वाट्याला जे आलं त्यातून पहिली भारतीय एअर ओपी फ्लाइट उभी राहिली. विमान चालवणारे पहिले भारतीय गोलंदाज कॅप्टन बुटालिया याच परंपरेतले.

पुढे हे काम तोफखान्याकडेच राहिलं. ऑस्टर गेली, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं कृषक आलं. १९६५ आणि १९७१ ला एअर ओपीचे पायलट तसेच बिनहत्यारी वर होते. मग चेतक, चीता ही हेलिकॉप्टरं. १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन हे स्वतंत्र दल झालं. तुमच्या छपरावरून जाणारी पोरं त्याच्या नाशिकरोडच्या शाळेतली.

आणि ६५६ चं सांगायचं राहिलं. इम्फाळनंतर ती सैन्याबरोबर इरावती ओलांडून मेइकटिला, मंडाले, रंगूनपर्यंत गेली. मग मलाया, जावा. जानेवारी १९४७ मध्ये मोडली, पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. आज ब्रिटिश सैन्यात त्याच क्रमांकाची स्क्वाड्रन अपाची हेलिकॉप्टर चालवते.

---

नाशिकरोडचा_पप्पू

काका, आता उद्यापासून आवाज आला की अंगणात जाऊन बघणार. इतकी वर्षं नुसतं 'झोपमोड' म्हणायचो.

---

सायंतारा

एक मनातलं विचारते. वर बसून 'ॲड ४००' म्हणणाऱ्याला खाली काय होतंय ते दिसायचं ना? म्हणजे जपानी शिपाईसुद्धा कुणाचे तरी आजोबाच.

---

निवृत्त_गोलंदाज

दिसायचं, सायंताराताई. जमिनीवरच्या गोलंदाजाला स्वतःचा गोळा कुठे पडला ते कधी दिसत नाही, तो आकड्यांवर काम करतो. एअर ओपीच्या माणसाला मात्र प्रत्येक गोळा पाहावा लागतो, पाहणं हेच त्याचं काम. मी वर गेलो नाही, पण गेलेल्या दोघा-तिघांबरोबर काम केलं. ते त्याबद्दल कमी बोलायचे. ताईंचे आजोबा सांगशाकबद्दल बोलत नव्हते, तसंच.

---

रानवाट

...

---

कृष्णाकाठची_लेक

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. मध्ये दोनदा थांबायला सांगितलं तिने.

तिने एक गोष्ट सांगितली जी मला कधी कळली नव्हती. आजोबा गावी परतल्यावर शेतात असताना वर खरी घार आली की काम थांबवून मान वर करून बघत उभे राहायचे. बैल उभे, आजोबा उभे. आजी ओरडायची, "अवो, ऊन चढलं." ते म्हणायचे, "थांब गं. ही वर हाय तवर बरं वाटतं."

आईला वाटायचं त्यांना पक्षी आवडतात.

गोलंदाज काका, आजोबांच्या पेटीत एक फोटो आहे. मागे बांबूची बेटं, पुढे पाचसहा जण आणि डाव्या कोपऱ्यात कापडाने झाकलेलं काहीतरी. चाक आणि पंखाला आधार देणारा तिरपा दांडा दिसतो. आईने आज पहिल्यांदा बोट ठेवून दाखवला. स्कॅन करून रविवारी टाकते. बघून सांगाल का?

---

निवृत्त_गोलंदाज

टाका ताई. रविवारी सकाळपासून इथेच आहे. पंख काका, तुम्हीही या. आधाराचा दांडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा असेल का, ते तुमची नजर माझ्यापेक्षा लवकर ओळखेल.

---

पंख_आणि_पाते

येतो. चहा घेऊनच बसतो.